दोनशे बारा गोळे आणि एक खिडकी

माझ्या धाकट्या दिरांना मी भावजी म्हणते, बंदरावरचे लोक गोळेवाले म्हणतात, आणि माझा नवरा, म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकतीस वर्षं भावजी बंदरावरच्या जाळ्यांच्या गोदामात साठा सांभाळायला होते. मासेमारीची मोठी जाळी पाण्यात ताठ उभी राहावीत म्हणून त्यांच्या वरच्या काठाला पूर्वी काचेचे पोकळ गोळे बांधायचे. हिरवट काच, लहान मुलाच्या डोक्याएवढा आकार, बाहेरून दोरीचं विणकाम. गोळा फुटला की जाळं तळाला बसलं. म्हणून बोटीवर जाण्याआधी प्रत्येक गोळा भावजींच्या हाताखालून जायचा. ते तो कुशीत घ्यायचे, उजव्या तळव्याने त्यावर एक थाप मारायचे, कान लावायचे आणि विचारायचे, "काय, बरं आहे ना?" चांगला गोळा घुमतो, केसाएवढी भेग असेल तर बद्द वाजतो. त्यांच्या हातून पास झालेल्या एकाही गोळ्याने पाण्यात दगा दिला नाही. हे मला इतकं पक्कं माहीत आहे, कारण ते आम्ही जवळपास प्रत्येक जेवणाबरोबर ऐकलं आहे.

एवढी आपुलकी त्यांनी माणसांवर कधी उधळली नाही. घरी आले की चहा, पेपर आणि "हं". त्या एका "हं"मध्ये ते होकार, नकार, कौतुक आणि पेंग हे चारही प्रकार बसवायचे. त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, अठ्ठावीस वर्षं त्या "हं"चे अर्थ लावत संसार करत आली. आम्ही तिला नुसतं धाकटी म्हणतो. ती शिवणकाम करते. पडदे, शाळेचे गणवेश, कुणाची पँट खालून आखूड करून दे, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलून दे. कामात सरळ आणि बोलण्यात कमी. मी वरच्या मजल्यावर राहते आणि बोलण्याचा त्यांच्या वाटणीचा कोटासुद्धा मीच पुरा करते, असं घरात म्हणतात.

मग जाळ्यांना प्लास्टिकचे गोळे आले. हलके, नारंगी, आपटले तरी फुटत नाहीत. त्यांना बरं आहे ना असं विचारण्यात काही अर्थ उरला नाही, त्यामुळे भावजींचीही गरज उरली नाही. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना सांगण्यात आलं की उरलेले काचेचे गोळे फोडून कचऱ्यात टाका. दुसरा कुणी असता तर हातोडा शोधला असता. भावजींनी हातगाडी शोधली. चार खेपांमध्ये दोनशे बारा गोळे घरी आणले आणि दोन खोल्यांच्या घरात ते पलंगाखाली, कपाटावर, मोरीत, जिन्याखाली असे मांडले की पाहुण्याला पाय ठेवायला जागा मिळेना. माझ्या नवऱ्याने विचारलं, याचं करणार काय? भावजी म्हणाले, "हं."

करणार काय, ते दोन महिन्यांनी कळलं. बाजाराच्या रस्त्यावर शोभेच्या वस्तूंचं एक दुकान आहे. जिथे गंजलेली बादली गंज काढला तर विकत नाहीत आणि गंजासकट तिप्पट भावाने विकतात, त्यातलं. तिथे दर्शनी काचेमागे भावजींना त्यांच्या गोळ्यांसारखाच एक गोळा दिसला. आत दिवा, आणि काच अशी दुधी, मऊ, पांढुरकी. चाळीस-पन्नास वर्षं वाळूत लोळून समुद्राने घासलेला खरा गोळा, असं दुकानाच्या बाईने सांगितलं. असे मिळत नाहीत म्हणाली. तुमच्याकडचे दुधी करून, दिवा बसवून आणा, मी सगळे घेते. भावजी उड्या मारतच घरी आले. म्हणजे त्यांच्या हिशेबाने उड्या. दिसायला ते नेहमीसारखेच दिसले, फक्त चहा प्यायचा विसरले.

समुद्राला जे काम करायला पन्नास वर्षं लागतात ते भावजींनी पहिल्यांदा वाळूचा कागद घेऊन एका दुपारी करायचं ठरवलं. तीन दिवसांत त्यांच्या बोटांची सालं निघाली आणि गोळ्यावर मांजराने नखं मारल्यासारख्या रेघा उठल्या. मग काच दुधी करणारी पेस्ट मिळते हे त्यांना कुणीतरी सांगितलं. गोळा साबणाने धुवायचा, स्पिरिटने पुसायचा, ब्रशने पेस्ट लावायची, घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. पेस्ट काचेचा वरचा पापुद्रा खाते. एकदा खाल्लं की ती काच पुन्हा कधीच स्वच्छ होत नाही, आणि पेस्ट लागली तर हातही खाते, म्हणून डब्यावर हातमोज्यांचं चित्र असतं. वासही असा की डोळे चुरचुरतात. त्यामुळे काम उघड्या खिडकीतच करायचं, हे डब्यावर ठळक लिहिलेलं.

खालच्या घरात रस्त्याकडे उघडणारी खिडकी एकच. मागच्या खोलीला आहे एक, पण तिच्यासमोर दोन हातांवर शेजारच्या गोदामाची भिंत. पुढच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं धाकटीचं शिलाई मशीन होतं. भावजींनी ते उचलून दोन खोल्यांमधल्या बोळात ट्यूबलाइटखाली नेऊन ठेवलं आणि खिडकीत स्वतःचं टेबल लावलं. विचारलं का? विचारण्याचा स्वभाव त्यांनी गोळ्यांवर खर्च करून टाकला होता. धाकटीने आठ दिवस ट्यूबखाली शिवून बघितलं. नवव्या दिवशी तिने एका हमालाला बोलावलं, मशीन त्याच्या डोक्यावर दिलं आणि बेकरीच्या मागे राहणाऱ्या बहिणीकडे निघून गेली. जाताना दारातून एवढंच म्हणाली, "खिडकी मोकळी झाली की सांगा."

झालं. आमच्याकडे घरगुती सभा बसली. अध्यक्ष मीच. घरभर दोनशे बारा गोळे, पलंगावर पाय पसरता येत नाहीत, मोरीत अंघोळीला बसलं की गोळे टकमका बघतात; कुठलीही बाई कंटाळेल. ती गोळ्यांना कंटाळली आहे, हे मी पाच मिनिटांत सिद्ध केलं. भावजींनीही मान हलवली. निर्णय असा झाला की गोळे संपवायचे. सगळे विकले की धाकटी परत येणार. टेबल खिडकीतून दोन हात बाजूला सरकवायला दोन मिनिटं लागली असती, पण इतकी साधी गोष्ट सुचण्यासाठी सभा भरवावी लागत नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, तो दवाखाना आम्ही त्या दिवशी उघडला.

भावजी हट्टाला पेटले. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलंच काम, जे कुणासाठी तरी चाललं होतं. सकाळी सहाला पेस्टचा वास माझ्या जिन्यावर येऊन दार वाजवायचा. जेवण ते माझ्याकडे जेवायचे, तेही हातात घड्याळ ठेवून. मधल्या काळात मी दोनदा धाकटीच्या बहिणीकडे बोलणी करायला गेले. धाकटी तिथल्या खिडकीत नाक कापडाला लागेल इतकी वाकून शिवत बसलेली. मी गोळे किती उरले त्याचा आकडा सांगितला. ती म्हणाली, बरं. तिने सुई-दोरा माझ्यापुढे धरला, हात तेलकट आहेत, एवढी ओवून द्या म्हणाली. मी ओवून दिली आणि बोलत राहिले. आपल्या बोलण्यापुढे मला दुसऱ्याचं काही दिसत नाही, हा माझा जुना गुण आहे.

पहिले वीस दिवे तयार झाले. भावजी नवा शर्ट घालून दुकानात गेले, आणि सामान धरायला मीही गेले. दिवे बंद असताना सुरेख दिसत होते, दव पडल्यासारखे. दुकानाच्या बाईने एकेक खटका दाबला, आणि वीसच्या वीस दिव्यांवर पंजा उमटला. स्पष्ट, पाचही बोटांचा, जाड तळव्याचा माणसाचा पंजा. काच सगळीकडे दुधी आणि पंजाच्या जागी लख्ख हिरवी, त्यातून आतला बल्ब डोळे वटारून बघतोय. बाईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मी हात पाहायला बसलेले नाही, मला दिवे हवेत, असं ती म्हणाली. भावजींनी वीसही दिवे पाहिले आणि मग स्वतःचा उजवा तळवा पाहिला.

गोष्ट अशी होती की पुसून झाल्यावर, हातमोजे चढवायच्या आधी, भावजी प्रत्येक गोळ्याला एक थाप मारत होते. कान लावत होते. चौकशी करत होते. स्वच्छ काचेला माणसाच्या हाताचं तेल लागलं की तिथे पेस्ट चावत नाही. थाप आपण मारतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपण श्वास घेतो हे कुणाला रोज ठाऊक असतं? आता गोष्टीत असतं तर त्या पंजाच्या दिव्यांवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या असत्या आणि भावजी मोठे कलावंत म्हणून गाजले असते. प्रत्यक्षात ते वीस दिवे आम्ही रिक्षाने परत आणून माझ्या माळ्यावर टाकले आणि रिक्षावाल्याने जागा जास्त अडली म्हणून कटकट केली.

मी म्हटलं, आधी थाप मारा, मग पुसा. अगदी साधा उपाय. भावजी म्हणाले, तपासणी शेवटची असते, माल हातातून सुटायच्या आधीची. आधी तपासलं आणि धुताना भेग पडली तर? एकतीस वर्षांचा नियम ते वहिनीच्या सांगण्यावरून मोडणार नव्हते. मग त्यांनी पुसण्याच्या आधीपासूनच हातमोजे घालायला सुरुवात केली आणि थापही मोज्यातूनच. मोज्यातून थाप मारली की चांगला गोळाही बद्द वाजतो आणि भेगाळलेलाही बद्द वाजतो. बरं आहे ना, या प्रश्नाला सगळ्यांकडून एकच उत्तर येऊ लागलं. त्यामुळे दुधी करून झाल्यावर बल्बसाठी भोक पाडायला ड्रिल लावलं की दर आठ-दहा गोळ्यांमागे एखादा टचकन फुटायचा. एकाचे असे दोन अर्धे वाडगे झाले. ते त्यांनी टाकले नाहीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. फुटलेल्या प्रत्येक गोळ्याचे तुकडे ते एकेक करून वेचायचे. ते त्यांच्या जिवाला लागतं, हे मलासुद्धा कळायचं.

चार महिन्यांत बहुतेक गोळे दुकानात गेले. पलंगाखालची जागा रिकामी झाली, मोरी मोकळी झाली, जिन्याखाली पुन्हा केरसुणी ठेवता येऊ लागली. भावजींची बोटं पांढरी पडली, खोकला लागला, आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरवर ते उरलेल्या गोळ्यांचा आकडा लिहू लागले. मला त्यांची कीव यायची. मी ती थट्टा करून झाकत होते. आकडा सहावर आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "वहिनी, ती येईल ना?" अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. येईल हो, न येऊन जाईल कुठे, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

ती त्याच आठवड्यात आली, पण परत यायला नाही. बटणांचा डबा राहिला होता, तो न्यायला आली. सकाळची दहाची वेळ, मी तिला वरून पाहिलं आणि भावजींना चहा द्यायची मला अचानक फार गरज वाटली. कप घेऊन मी खाली पोचले तेव्हा भावजी तिला दिवा लावून दाखवत होते. भर उन्हात. किती मऊ उजेड आहे बघ, डोळ्यांना त्रासच नाही, असं सांगत होते. इतके शब्द त्यांनी एका दमात बोललेले मी कधी ऐकले नव्हते. सहाच उरलेत, म्हणाले. चार दिवसांत घर मोकळं. आता तरी ये.

धाकटी टेबलाकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "मी गोळे विका म्हटलं होतं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"खिडकी मोकळी करा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तेच ते," भावजी म्हणाले.

"तेच नाही." तिने चाचपत खिडकीच्या कट्ट्यावरचा फुटक्या दुधी गोळ्याचा अर्धा वाडगा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "हा डाव्या डोळ्यावर धरा. उजवा मिटा."

त्या आवाजात ती त्यांच्याशी पूर्वी कधी बोलली नसावी, कारण भावजींनी निमूटपणे ऐकलं. एक हात काचेला, एक डोळा मिटलेला, असे ते तिच्यासमोर उभे राहिले. दिसायला हास्यास्पद दिसत होते, आणि मला हसू आलं नाही.

"काय दिसतं?"

"काही नाही. पांढरं. कुणीतरी उभं आहे एवढं कळतं."

"मला त्या डोळ्याने एवढंच दिसतं," धाकटी म्हणाली. "वर्ष होऊन गेलं. आता उजव्याचंही सुरू झालंय. खिडकीत बसलं की टाका दिसतो अजून. ट्यूबखाली नाही दिसत. गणवेशाच्या दोन बाह्या उलट्या लावल्या मी. गिऱ्हाइकाला कळलं तर कोण देईल काम?"

भावजी काच डोळ्यावरून काढेनात. तिच्याकडे बघत राहिले, मग वळून खिडकीकडे, मग माझ्याकडे. त्या काचेतून मी नीट दिसले नसेन याचं मला बरं वाटलं, कारण माझा चेहरा मला सांभाळता येत नव्हता. घरातला सगळ्यात मोठा आवाज माझा, सगळ्यांच्या घरातलं सगळं मला माहीत, आणि सुई ओवून देऊनही मला काही कळलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. ती काही थट्टेने झाकता येण्यासारखी नव्हती.

"सांगायचं नाही का?" भावजी म्हणाले.

"दोनशे बारा गोळ्यांना विचारलंत, बरं आहे ना," ती म्हणाली. "मी त्याच खोलीत होते."

त्यांनी तो वाडगा कट्ट्यावर ठेवला, दिव्याची पिन ओढली, आणि टेबल दोन्ही हातांनी धरून खेचलं. पेस्टचा डबा, ब्रश, स्पिरिटची बाटली, आणि धुवून ठेवलेले सहा स्वच्छ गोळे, सगळं वर तसंच. मी थांबा म्हणेपर्यंत दोन गोळे घरंगळले आणि फरशीवर फुटले. ज्या माणसाने फोडायचे गोळे हातगाडीवर घालून घरी आणले, त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. टेबल थेट बोळापर्यंत गेलं. खिडकीतून ऊन आत आलं आणि मशीनच्या चार पायांचे जुने डाग फरशीवर दिसायला लागले.

धाकटी त्या उजेडाकडे बघून थोडी हसली. बटणांचा डबा तिने पलंगावर ठेवला. आपल्या जागी जावं तशी ती खिडकीकडे निघाली. काच फुटल्याचं तिने ऐकलं होतं, पण टेबलाबरोबर तीही बोळात गेली असं तिला वाटलं असावं. हिरव्या काचेचे तुकडे तिच्या वाटेत, भर उन्हात, चकाकत पडले होते.

"थांब," भावजी म्हणाले. "पुढे काच आहे."

ती थांबली. खाली, अगदी त्या तुकड्यांवर नजर लावून तिने विचारलं, "कुठे?"

भावजींच्या पायात चपला नव्हत्या. ते तसेच चालत गेले आणि तिच्या पुढ्यात उभे राहिले.